फवारणीचे ड्रोन : जोखीम आणि खर्च यांचा विचार

शेतीच्या सर्व कामांत पिकावर औषध फवारण्याचे काम कष्टाचे तर आहेच, परंतु थोडी हयगय झाली तर ते जिवावरही बेतते. २०१७ सालच्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीच्या वर गेली होती. पाठीवर पंप घेऊन अशा पिकातून चालणाऱ्या माणसाच्या तोंडावर, मानेवर व छातीवर औषधाचा तुषार सतत पडत होता. या पार्श्वभूमीवर, माणसाने बांधावर उभे राहावे आणि यंत्राने पिकावरून उडत जाऊन औषध फवारावे, ही कल्पना कोणासही आकर्षक वाटावी अशीच आहे. गेल्या काही वर्षांत असे ड्रोन खेडोपाडी दिसू लागले आहेत. ते विकत घ्यावे की भाड्याने आणावे, आणि त्यापासून धोका कोणता, असे प्रश्न शेतकरी बंधू-भगिनी आम्हांस वारंवार विचारतात. ड्रोनचे गुण सांगणारे पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याची जोखीम व खर्च यांचा विचार केला आहे.

रेडिओ लहरींच्या साहाय्याने जमिनीवरून चालविली जाणारी छोटी विमाने ही मुळात हौसेची वस्तू होय. तिचा शेतीकडे उपयोग करून घेण्यात जपान देशाने पुढाकार घेतला. तेथील यामाहा कंपनीने १९८७ साली भातावर फवारणी करणारे चालकविरहित हेलिकॉप्टर तयार केले. आपल्या देशात २०२० साली टोळधाड आली तेव्हा राजस्थानात टोळांवर औषध फवारण्यासाठी ड्रोन वापरण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात ही धाड अमरावती-नागपूरपर्यंत येऊन पोहोचली होती, हे विदर्भातील वाचकांस आठवत असेल. पुढे २५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने ड्रोन नियम जारी केले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कृषि मंत्रालयाने ड्रोनने कीटकनाशके फवारण्याची कार्यपद्धती प्रसिद्ध केली.

शेतात सामान्यतः वापरला जाणारा ड्रोन दहा लिटर टाकीचा असून त्यास चार किंवा सहा पंखे असतात. औषध भरल्यावर त्याचे एकूण वजन पंचवीस किलोच्या जवळपास जाते. एका उड्डाणात तो सुमारे एक एकर क्षेत्र सात ते दहा मिनिटांत उरकतो. पाणी कमी लागते, मजूर कमी लागतात, चिखल असतानाही काम अडत नाही, आणि उसासारख्या दाट व उंच पिकात माणसाला शिरावे लागत नाही. हे सर्व फायदे खरे आहेत आणि त्यांविषयी वाद नाही.

परंतु पंचवीस किलो वजन, म्हणजे युरियाच्या अर्ध्या पोत्याहून अधिक ओझे, हवेत तरंगत असते हे विसरून चालणार नाही. दहा मीटर उंचीवरून ते खाली आले तर जमिनीवर आपटतेवेळी त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास असतो. पंखे कार्बन तंतूंचे असून मिनिटाला काही हजार फेरे घेतात. न्यूयॉर्क शहरात २०१३ साली हौस म्हणून रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर उडविणारा एक तरुण त्याच हेलिकॉप्टरच्या पात्याचा घाव लागून जागच्या जागी मरण पावला. तो नवशिका नव्हता. आपल्याकडे प्रात्यक्षिकाच्या वेळी मुले, म्हातारी माणसे व हौशी तरुण मोबाईलवर चित्र घेण्यासाठी ड्रोनभोवती गर्दी करतात. ही गर्दी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यानेच आवरली पाहिजे. उड्डाणाची जागा मोकळी, सपाट व दोरीने बंदिस्त असावी. पंखे पूर्ण थांबून चालकाने बॅटरीची जोडणी सोडविल्यावाचून कोणीही यंत्राजवळ जाऊ नये. टाकी भरणाऱ्या मदतनिसाला घाई झालेली असते आणि अपघात बहुधा त्याच वेळी होतो.

या संदर्भात स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगणे अप्रस्तुत होणार नाही. आमच्या कार्यक्षेत्रातील एका गावी तूर व सोयाबीनच्या शेतात प्रात्यक्षिक ठेवले होते. चालक प्रशिक्षित होता, यंत्रही नवे होते. फवारणी निम्म्यावर आली असता बॅटरी उतरू लागली, आणि अशा वेळी आपोआप सुटल्या जागी परतण्याची जी सोय यंत्रात असते तीनुसार ड्रोन परत फिरला. परतीची उंची आठ मीटर ठेवलेली होती. ड्रोन सरळ रेषेत येतो, वळसा घालून येत नाही. त्या सरळ रेषेत बांधावरची चिंच उभी होती. फांद्यांत अडकून ड्रोन खाली पडला, दोन भुजा मोडल्या, टाकी फुटली आणि उरलेले औषध बांधावरच्या गवतावर सांडले. सुदैवाने तेथे माणूस अथवा जनावर नव्हते. गर्दीतील एका वृद्ध शेतकऱ्याने मला बाजूला घेऊन विचारले, “साहेब, हे पडलं ते कुणाच्या नावावर?” त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. खरे पाहता त्या दिवशी सकाळी शेताभोवती एक फेरी मारून सर्वांत उंच झाड कोणते हे पाहणे, आणि परतीची उंची त्याहून पाच-सहा मीटर अधिक ठेवणे, एवढेच करावयाचे होते. प्रात्यक्षिकाची जागा ठरविणारा अधिकारी या नात्याने ती फेरी मीही मारली नव्हती.

झाडापेक्षाही धोक्याची गोष्ट म्हणजे विजेच्या तारा. शेतपंपाकडे जाणाऱ्या तारा आपल्याकडे पुष्कळदा झोळ पडून खाली आलेल्या असतात. बारीक तार ड्रोनच्या अडथळा ओळखणाऱ्या साधनांना दिसेलच असे नाही, आणि शंभर-दीडशे मीटर अंतरावर उभ्या असलेल्या चालकाच्या डोळ्यांनाही ती दिसत नाही. खांबाला दिलेला ताण, टोमॅटोच्या किंवा द्राक्षाच्या मांडवाची तार, माकडांसाठी बांधलेल्या चमकत्या पट्ट्या यांचाही विचार करावा. ज्या शेतावरून ११ केव्हीची वाहिनी जाते तेथे वाहिनीच्या दोन्ही बाजूंचा पट्टा ड्रोनच्या कामातून वगळावा. ड्रोन तारांत अडकल्यास काठीने किंवा शिडी लावून तो काढण्याचा प्रयत्न कोणी करू नये, आधी वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यास बोलावून पुरवठा बंद करवून घ्यावा. ड्रोनमध्ये दिशा ओळखणारे होकायंत्र असते. ते लोखंडाच्या सान्निध्यात चुकते, म्हणून लोखंडी ट्रॉलीवरून किंवा पत्र्याच्या शेडलगत उड्डाण करू नये. रेडिओचा संपर्क तुटल्यास यंत्राने जागीच तरंगावे, खाली उतरावे की परत यावे, हे उड्डाणापूर्वी ठरवून यंत्रात नोंदवावे लागते. ते काय ठरविले आहे असे चालकास विचारावे. ज्याला हे सांगता येत नाही त्याच्या हाती आपले शेत देऊ नये.

आता बॅटरीविषयी. या बॅटऱ्या लिथियम पॉलिमर जातीच्या असतात. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा अनुभव येथे उपयोगी पडत नाही. लिथियम बॅटरीचा प्रत्येक घट पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाब दाखवितो, आणि वापरताना तो साधारण ३.५ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. दाब त्याखाली वारंवार गेल्यास बॅटरी फुगते. फुगलेली किंवा आपटून दबलेली बॅटरी पेट घेऊ शकते, आणि ही आग काही क्षणांत भडकून विषारी धूर सोडते. गावात बॅटऱ्या चार्ज करण्याची जागा म्हणजे घराची ओसरी, आणि ओसरीला लागून कडबा, असे चित्र नेहमी दिसते. ते घातक आहे. चार्जिंग उघड्या जागी, सिमेंटच्या किंवा मातीच्या जमिनीवर, सावलीत करावे, शेजारी कोरड्या वाळूच्या दोन बादल्या ठेवाव्यात, आणि ते चालू असताना कोणीतरी तेथे बसून राहावे. रात्री बॅटरी लावून झोपी जाणे सर्वथैव टाळावे. नुकतीच उतरविलेली बॅटरी गरम असते, ती हाताला थंड लागेपर्यंत चार्जिंगला लावू नये. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत बॅटऱ्या ठेवू नयेत. फुगलेली बॅटरी दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता कामातून काढून टाकावी. ती उकिरड्यावर वा विहिरीत न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी.

औषधाच्या बाबतीत एक मुद्दा असा आहे की तो समजून न घेतल्यामुळे सर्वांत जास्त चुका होतात. पाठीवरच्या पंपाने एकरी सुमारे २०० लिटर पाणी लागते, तर ड्रोनने ८ ते १० लिटर. औषधाची एकरी मात्रा मात्र तीच राहते. उदाहरणार्थ, क्लोरॅनट्रॅनिलिप्रोल १८.५ टक्के हे औषध कपाशीवर एकरी ६० मिलिलिटर वापरावयाचे असेल, तर २०० लिटर पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला ०.३ मिलिलिटर पडते, आणि १० लिटर पाण्यात तेच लिटरला ६ मिलिलिटर होते. म्हणजे ड्रोनच्या टाकीतील द्रावण वीस पट तीव्र असते. त्यामुळे माणूस पिकात शिरत नाही म्हणून विषबाधेचा धोका संपला, असे समजणे चुकीचे आहे. तो धोका पिकातून उठून बांधावर, औषध कालविणाऱ्या मदतनिसाकडे आलेला असतो. रबरी हातमोजे, तोंडावर योग्य मास्क, डोळ्यांना चष्मा, अंगभर कपडे व पायांत बूट ही साधने येथे अधिकच आवश्यक आहेत. द्रावण अंगावर सांडल्यास कपडे तत्काळ काढून साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे. मळमळ, डोके गरगरणे, दृष्टी अंधूक होणे, तोंडाला लाळ सुटणे यांपैकी काहीही जाणवल्यास औषधाच्या वेष्टनासह रोग्यास थेट रुग्णालयात न्यावे. वेष्टन पाहिल्यावर डॉक्टरांस उपचार ठरविणे सोपे जाते.

तीन-चार औषधे, त्यांत विद्राव्य खत आणि वर टॉनिक, अशी खिचडी करण्याची सवय आपल्याकडे वाढली आहे. दोनशे लिटर पाण्यात जी खिचडी कशीबशी खपून जाते ती दहा लिटरांत फाटते, तळाशी साका बसतो आणि नोझल तुंबतात. म्हणून शक्यतो एका वेळी एकच औषध घ्यावे. दोन घ्यावयाचीच झाल्यास आधी काचेच्या बाटलीत त्याच प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवून पाहावीत. ड्रोनने फवारण्यास कोणती औषधे चालतात हे केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समिती ठरविते. दुकानदाराच्या शब्दावर न जाता औषधाचे लेबल पाहावे आणि तालुका कृषि अधिकारी कार्यालयात खात्री करून घ्यावी.

तीव्र द्रावण, बारीक थेंब आणि उंचावरून सोडणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की औषध वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतात जाते. सोयाबीनवरील औषध शेजाऱ्याच्या तुतीवर गेले तर त्या पाल्यावर वाढणाऱ्या रेशीम अळ्या मरतात. बीड-जालना भागात हल्ली तुतीची लागवड पुष्कळ आहे, आणि एका चुकीने शेजाऱ्याची संपूर्ण बॅच जाऊ शकते. टू-फोर-डी जातीच्या तणनाशकाचा किंचित तुषार कपाशी, द्राक्ष किंवा टोमॅटोवर गेला तरी पाने आकसून पीक वाया जाते. म्हणून अशा पिकांच्या शेजारी तणनाशक ड्रोनने फवारूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेततळ्यातील मासे, मधमाश्यांच्या पेट्या व पाणवठ्यावर येणारी जनावरे यांचाही विचार करावा. पीक फुलोऱ्यात असताना मधमाश्या ज्या वेळी फिरतात त्या वेळी फवारणी टाळावी.

वारा ताशी दहा किलोमीटरच्या आत असेल तरच काम करावे. वारा मोजण्याचे छोटे साधन चालकाजवळ असले पाहिजे. ते नसल्यास झाडाकडे पाहावे. निंबाची पाने हलकेच सळसळतात व तोंडावर वाऱ्याची झुळूक जाणवते, तोवर हरकत नाही. पानांबरोबर बारीक डहाळ्याही सतत हलू लागल्या की फवारणी थांबवावी. याच्या उलट, पहाटे अगदी निवांत, धुके साचलेल्या हवेतही फवारू नये. अशा वेळी जमिनीलगत थंड हवेचा थर असतो, बारीक थेंब खाली न बसता त्यात तरंगत राहतात, आणि सूर्य वर आल्यावर कोठेही वाहत जातात. भर दुपारच्या उन्हात थेंब पानावर पडण्यापूर्वीच सुकतात. थोडक्यात, सकाळचे तीन-चार तास व सायंकाळचे दोन तास एवढाच कामाचा काळ हाती राहतो. फवारणीची सूचना आदल्या दिवशी ग्रामपंचायतीत व शेजारच्या शेतकऱ्यांस द्यावी.

ड्रोन पिकाच्या वर दीड ते तीन मीटरवर राहिला पाहिजे. त्याहून वर गेल्यास पंख्यांच्या हवेचा खाली दाबणारा झोत कमी पडतो. तरीही दाट पिकाच्या खालच्या पानांवर, विशेषतः पानांच्या पाठीमागे, औषध पुरेसे पोहोचत नाही ही या पद्धतीची उणीव आहे. आंतरप्रवाही औषधाचे भागते. परंतु केवळ स्पर्शाने मारणारे औषध पानाच्या खालच्या बाजूस बसलेल्या पांढऱ्या माशीवर वा कोळ्यावर वापरले तर निराशा पदरी येण्याचा संभव आहे. शंका असल्यास पाणी पडताच रंग बदलणारे कागद पिकाच्या शेंड्याला, मध्यावर व बुडाशी अडकवावेत आणि साधे पाणी फवारून पाहावे. त्यामुळे पैसे दिल्यानंतर वाद घालण्याची वेळ येत नाही.

नोझल तपासणेही कठीण नाही. समजा, ड्रोनचा वेग सेकंदास ४ मीटर व फवाऱ्याचा पट्टा ४ मीटर आहे. तर एका मिनिटात ९६० चौरस मीटर क्षेत्र होते, आणि एकराला, म्हणजे ४,०४७ चौरस मीटरला, सुमारे सव्वाचार मिनिटे लागतात. यात वळण्याचा व ये-जा करण्याचा वेळ धरलेला नाही. एकरी १० लिटर द्रावण द्यावयाचे तर मिनिटाला सुमारे २.४ लिटर बाहेर पडले पाहिजे. चार नोझल असल्यास प्रत्येकी मिनिटाला ६०० मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या मिनिटात ३०० मिलिलिटर. पंखे न फिरविता केवळ पंप चालू करून प्रत्येक नोझलखाली अर्धा मिनिट मापाचे भांडे धरावे. एखादे नोझल २५० आणि दुसरे ३५० भरत असेल तर शेतात पट्टे पडणार हे नक्की.

कायद्याच्या बाबी थोडक्यात अशा. २ किलोहून अधिक व २५ किलोपर्यंतचा ड्रोन ‘लहान’ वर्गात मोडतो. त्याला नोंदणी क्रमांक असावा लागतो, तो प्रमाणित नमुन्याचा असावा लागतो, आणि तो चालविणाऱ्याजवळ मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेचे दूरस्थ चालक प्रमाणपत्र असावे लागते. चालक दहावी उत्तीर्ण व १८ ते ६५ वर्षे वयाचा असावा. नियमभंगास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन सोडून इतर सर्वांना आवश्यक आहे. हौसेच्या, शिक्षणाच्या वा चाचणीच्या मॉडेल विमानांना नमुना प्रमाणपत्रातून सूट आहे. तिचा आधार घेऊन काही लोक सुटे भाग जोडून बनविलेले स्वस्त ड्रोन फवारणीसाठी विकतात. ती सूट शेतीच्या कामाला लागू होत नाही, आणि अशा ड्रोनला विमा मिळणेही दुरापास्त आहे. विमानतळाजवळच्या गावांनी अधिक दक्ष राहावे. ओझर विमानतळाच्या परिसरातील निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागाईतदारांनी आपला बाग लाल, पिवळ्या की हिरव्या क्षेत्रात येतो हे सरकारी नकाशावर पाहूनच ड्रोन बोलवावा. यंत्र पिकाच्या वर दोनच मीटर उडणार आहे ही सबब तेथे चालत नाही.

आता खर्चाकडे वळू. दहा लिटरचा ड्रोन बॅटऱ्यांच्या संख्येनुसार साधारणतः पाच ते दहा लाख रुपयांस पडतो. विक्रेते ‘दिवसाला वीस-पंचवीस एकर, एकरी पाचशे रुपये’ असा हिशेब मांडून दाखवितात, आणि तो ऐकताना फार गोड वाटतो. त्यात बॅटरीची झीज नसते. खालील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. वाचकांनी त्यांत आपल्या भागातील दर घालून हिशेब करावा.

ड्रोनची किंमत बॅटरीवाचून ५ लाख रुपये व आयुष्य पाच वर्षे धरल्यास वार्षिक घसारा १ लाख होतो. व्याज ३० हजार, विमा व किरकोळ दुरुस्ती ५० हजार, आणि पगारी चालक दरमहा १५ हजार प्रमाणे १ लाख ८० हजार. असा वर्षाचा बांधील खर्च ३ लाख ६० हजार रुपये झाला. आता एकरी खर्च पाहू. बॅटरीची एक जोडी ५० हजारांची असून ती २५० वेळा चार्ज होते, आणि एका चार्जिंगवर एक एकर होतो, असे धरले तर एकरी २०० रुपये केवळ बॅटरीचेच झाले. काही नव्या बॅटऱ्या याहून पुष्कळ टिकतात, परंतु त्यांची किंमतही तशीच असते. गंमत अशी की एका चार्जिंगला वीज सुमारे एकच युनिट लागते. म्हणून लोकांना बॅटरीचा खर्च वाटतच नाही. वाहन, जनरेटर व मदतनीस यांचे १०० रुपये धरले तर एकरी ३०० रुपये खर्च झाला. भाडे ५०० असल्यास एकरी २०० उरतात. त्यातून ३ लाख ६० हजार भरून काढण्यास वर्षाकाठी १,८०० एकर फवारणी व्हावी लागते. रोज २० एकर काम मिळाले तर त्यास ९० दिवस लागतील. पाऊस, वारा व ऊन वगळून खरीप व रब्बी मिळून असे ९० भरगच्च दिवस आपल्या भागात मिळतात काय, याचा अंदाज प्रत्येकाने स्वतःच करावा.

मालक स्वतः चालक असेल तर पगार वाचून बांधील खर्च १ लाख ८० हजारांवर येतो व ९०० एकरांत भागते. ड्रोनच्या किमतीला निम्मे अनुदान मिळाल्यास घसारा व व्याजही निम्मे होऊन बांधील खर्च १ लाख १५ हजार राहतो, आणि मर्यादा ५७५ एकरांवर येते. येथे हा धंदा माणसाच्या आवाक्यात येऊ लागतो. मात्र एकदा ड्रोन पडून ८० हजारांची दुरुस्ती निघाली की ४०० एकरांची कमाई त्यात जाते. शिवाय सुटा भाग परगावाहून येईपर्यंत ऐन हंगामाचे आठ-दहा दिवस वाया जातात ते वेगळेच. स्वतःच्या दहा-पंधरा एकरांसाठी ड्रोन विकत घेणे मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही.

कृषि यांत्रिकीकरण उपअभियानाखाली अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांस किमतीच्या ५० टक्के, कमाल ५ लाख रुपये, व इतर शेतकऱ्यांस ४० टक्के, कमाल ४ लाख रुपये अनुदान ठरविण्यात आले. अवजार सेवा केंद्र काढणाऱ्या कृषि पदवीधरांस ५० टक्क्यांची सवलत देण्यात आली. महिला बचत गटांसाठी केंद्र सरकारने २०२३ साली ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. २०२४-२५ व २०२५-२६ या दोन वर्षांत पंधरा हजार गटांस किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये साहाय्य देण्याची तीत तरतूद होती. चालू वर्षाचे दर, निधी व अटी तालुका कृषि अधिकारी कार्यालयात विचारूनच अर्ज करावा. अनुदान मिळते एवढ्याच कारणाने यंत्र घेऊ नये. बचत गटाच्या भगिनींना माझी विशेष सूचना आहे की प्रशिक्षण एकीलाच न देता दोघींना द्यावे. एक आजारी पडली किंवा लग्न होऊन परगावी गेली म्हणजे यंत्र धूळ खात पडते आणि कर्जाचे हप्ते चालू राहतात.

बहुतेक शेतकऱ्यांस ड्रोन भाड्यानेच परवडणारा आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. भाडे ठरविताना मात्र त्या वृद्ध शेतकऱ्याचा प्रश्न आधी सोडवून घ्यावा. तिऱ्हाइताचा विमा शेजाऱ्याच्या किंवा वाटसरूच्या नुकसानीपुरता असतो. ड्रोन मोडल्यास त्याची भरपाई त्यातून मिळत नाही, तीसाठी मालकाने निराळा विमा घ्यावा लागतो. औषध वाऱ्याने उडून शेजाऱ्याचे पीक गेल्यास विमा कंपनी ते मान्य करीलच असेही नाही. म्हणून साध्या कागदावर तारीख, गट नंबर, पीक, औषधाचे नाव व एकरी मात्रा, फवारणी सुरू व बंद केल्याची वेळ, वाऱ्याची दिशा, चालकाचा प्रमाणपत्र क्रमांक, ड्रोनचा नोंदणी क्रमांक व विम्याची मुदत लिहून घ्यावी, आणि पडझडीचे नुकसान मालकाचे राहील असे त्यातच नमूद करून दोघांनी सह्या कराव्यात. काही चालक अशा कागदावर सही करण्यास कुरकुर करतात. त्यांच्याशी दराची बोलणी पुढे नेऊ नयेत. कागदाची एक प्रत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने आपल्या दप्तरी ठेवावी. शेजाऱ्याची तक्रार आठ-दहा दिवसांनी, पाने आकसू लागल्यावर येते, आणि तोपर्यंत त्या दिवशी वारा कोणत्या दिशेचा होता हे कोणालाही आठवत नसते.